दूध नासवणारी सून

लवटेवस्ती, तालुका सांगोला
४ ऑगस्ट २०२४

किंजा,

वस्तीवरनं गेलीस तवा दोन गोष्टी विसरून गेलीस. एक तुझी छत्री आन दुसरी मी. छत्री उंदरानं कुरतडली. मी अजून शाबूत हाय, म्हणून म्हटलं आपणच कळवावं. सोलापुरात जाऊन महिना झाला, एक कागद न्हाय तुझा. तुमच्या भूतानात म्हातारी माणसं डोंगरावर सोडून येतात का काय? हितं तसं करत न्हाईत. हितं घरातच विसरतात.

फोन कर म्हणशील. फोनवर मला ऐकू येत न्हाय, आन जे येतं ते शिवबाईला माझ्या आधी ऐकू येतं. तुझी सासू ती, माझी सून. कान दोघींचं मिळून चार, पण चारी तिच्याकडंच. म्हणून हे पत्र. पूनम लिवतीया, तुझी नणंद. मला अक्षराचा गंध न्हाय हे तुला ठावं हाय. पूनम म्हणती, आजी, 'आहे' लिहू का 'हाय'? म्या म्हटलं, मी बोलते तसं लिव. तिला लाज वाटती. वाटू दे, कॉलेजात जाती ती, लाज वाटायलाच जाती.

माझ्या नातवानं, मल्हारनं, सांगितलं तुला दिवस गेल्यात. ऐकून मी दारात बसून एकटीच हसले. शिवबाई म्हणाली, "हसता काय? आधी मेंढरांचं निस्तरा." ती अजून तेच धरून बसलीया. रविवारचं दूध आमच्यात बिरोबाचं. ते इकत न्हाईत, विरजत न्हाईत, आन नासवायचं तर नावच न्हाय. तू नवी, तुला कोण सांगणार? रविवारी सकाळी तू म्हशीचं दूध चुलीवर चढवून लिंबू पिळलंस आन फडक्यात बांधून खुंटीला टांगलंस. पुढं पाऊस पडला, कवळं गवत आलं, मेंढरं खाऊन फुगली आन पटापटा पडली. ढोरांचा डॉक्टर म्हणाला, लस टोचली नव्हती. पण डॉक्टरला कोण विचारतो, सून घरात असताना?

ते जाऊ दे. डोहाळं काय लागल्यात ते सांग. आमच्यात गरवार बाईला जे खावंसं वाटतं ते द्यावंच लागतं, न्हाय तर लेकराची लाळ गळती. तुझ्या म्हायेरची माणसं लांब, तवा म्हायेर मीच. सांग.

बनाबाईचा आशीर्वाद.


साखर पेठ, सोलापूर
२२ ऑगस्ट २०२४

आदरणीय आजी,

नमस्कार. मी बरी आहे. आपण बऱ्या आहात का?

हे पत्र मी स्वतः लिहीत आहे. आमच्या देशात धरणाच्या कामावर असताना मल्हारने मला अक्षरे शिकवली होती. इथे घरमालकीण नरसम्मा यांनी मला दुसरीचे जुने पुस्तक दिले. त्यात पत्र कसे लिहावे असा धडा आहे. धड्यातला मुलगा आजीला आंबे पाठव म्हणतो. मला आंबे नको आहेत.

मला एमा दात्शी खावीशी वाटते. एमा म्हणजे मिरची. दात्शी म्हणजे आमचे चीज. आमच्याकडे मिरची मसाला नाही, ती भाजी आहे. मी मंडईत गेले आणि जाड मिरच्या मागितल्या, पुष्कळ. भाजीवाली म्हणाली, "लोणचं घालताय?" मी म्हणाले, "भाजी." ती म्हणाली, "भाजीत एवढ्या?" मी म्हणाले, "भाजीत नाही. याच भाजी." तिने शेजारणीला सांगितले, "ह्या चायनाच्या बाईला कुणीतरी फसवलंय बघ." पण दोन मिरच्या वर घातल्या.

मिरची मिळाली, आजी. चीज मिळत नाही. मोठ्या दुकानात चौकोनी चीज असते, चांदीच्या कागदात. ते उकळले की रबर होते आणि गोड लागते. पनीर विरघळत नाही. मिरचीच्या रश्श्यात ते पाहुण्यासारखे वेगळे बसून राहते.

स्टेशनजवळ मोमोची गाडी आहे. मी मल्हारला न सांगता रिक्षाने गेले. गाडीवरचा माणूस कालिम्पोंगचा आहे. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "दीदी, भूतान?" सोलापुरात कुणी पहिल्यांदा माझा देश बरोबर सांगितला. मी रडले. त्याला वाटले चटणी तिखट झाली. त्याने पाणी दिले. त्याच्या मोमोत कोबी होता आणि वरून पांढरा गोड सॉस. मी विचारले, दात्शी कुठे मिळेल? तो हसला. म्हणाला, "दीदी, मला स्वतःला सात वर्षांत माझ्या घरचं काही मिळालं नाही. मी लोकांना मिळेल असं बनवतो."

मारवाड्याच्या दुकानात कुट्टूचे पीठ मिळाले. आमच्या डोंगरात त्याची धिरडी करतात. मी केली आणि सुक्या मटणाबरोबर खाल्ली. नरसम्मा म्हणाल्या, ते उपवासाचे पीठ आहे, उपवास असा करतात का? आता त्या मला रोज विचारतात, आज कोणता उपवास?

आजी, एक गोष्ट मला सांगायची होती. माझी आई दात्शी दुधाची करत नाही. ती दही घुसळते, लोणी काढते, आणि जे ताक राहते ते मंद तापवते. ते फुटते. वर जे येते ती दात्शी. त्या दिवशी वस्तीवर ताक नव्हते, म्हणून मी दूध घेतले. मला वार माहीत नव्हता.

आपली,
किंझांग


लवटेवस्ती
११ सप्टेंबर २०२४

किंजा,

तुझं पत्र पूनमनं दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा शिवबाई दाराआड उभी हुती, म्हणून मी जरा मोठ्यानं वाच म्हटलं. हक्काचं ऐकू दे तिला, चोरून ऐकलं की कान दुखतात.

आगं येडे, ताक तापवून फोडतेस व्हय! मग ती तर फुटकी कढी! आमच्यात कढी फुटली की सासू सुनेला चार दिवस बोलती. शिवबाई नवी आली तवा तिची कढी दर खेपेला फुटायची. इतकी फुटायची, की तुमच्या भूतानात तिला राजाच्या वाड्यावर सैपाकाला घेतली असती. आन तीच आता तुला बोट दावती.

ताकाला तर कुणी इचारत न्हाय. ताक मागायला आलेल्याला आम्ही लोटाभर देतो, उरलं तर कुत्र्याला. ना बिरोबाचं, ना कुणाचं. म्हणून मी काय केलं, शिवबाई पाणी आणायला गेली तवा ताकाचं भगुणं चढवलं. तू म्हणलीस तसं मंद. फुटलं. फडक्यात बांधून माझ्या खाटंखाली टांगलं. शिवबाई म्हणाली, "कसला वास येतोय?" म्या म्हटलं, "म्हातारपणाचा." पदर नाकाला लावून भाईर गेली.

त्याचं गोळं करून मीठ लावून स्टीलच्या डब्यात घातलं आन दुपारच्या एष्टीच्या कंडक्टरकडं दिलं. सोलापूर स्टँडवर मल्हारनं उतरवून घ्यायचं. त्याला सांगितलंय, लोणी हाय. खोटं बोलले, पण डोहाळ्याला बोललेलं खोटं देव मोजत न्हाय.

शिवबाईचं म्हणणं असं, की बाळतपणाला तू वस्तीवर यायचं असंल तर बिरोबाच्या पायरीवर कबूल व्हायचं की माझ्या हातनं मेंढरं मेली. मग शुद्ध. मी म्हणते, टेकव एकदा डोकं, काय झिजतंय का? देवच हाय, तो कुठं पोलीस हाय. पण तुझं तू ठरव.

बनाबाई


साखर पेठ, सोलापूर
६ ऑक्टोबर २०२४

आदरणीय आजी,

डबा मिळाला. मी झाकण उघडले आणि वास घेतला आणि खाली बसले.

मी मिरच्या उभ्या चिरल्या. पाणी, मीठ, लसूण, थोडे लोणी. शेवटी तुमची दात्शी. ती विरघळली. आजी, ती विरघळली! चव आईच्या हाताची नव्हती, त्यात तुमच्या चुलीचा धूर होता. पण मी चार दिवस रोज तीच खाल्ली. नरसम्मांनी एक घास घेतला. त्यांचे कान लाल झाले. त्या तेलुगूत काहीतरी म्हणाल्या, ते मला सांगायला त्यांची सून तयार नाही.

मल्हारने खाल्ले नाही. धरणावर तो माझ्या आईच्या घरी यायचा, घाम पुसत पुसत तीनदा वाढून घ्यायचा, आणि आईला म्हणायचा, हे माझ्या गावाला शिकवणार. आता त्याने खिडकी उघडली. म्हणाला, कपड्यांना वास लागतो, साइटवर लोक विचारतात.

तो रोज म्हणतो, एकदा कबूल हो, मग सगळे मिटेल. तुम्हीही लिहिलेत, डोके टेकव. मी देवाच्या पायावर डोके टेकवीन. आमच्याकडेही डोंगराचे देव आहेत, त्यांना मी रोज टेकवते. पण मी केले नाही ते मी केले असे म्हणणार नाही. मी म्हणाले तर माझे बाळ त्या बाईचे बाळ होईल, जिने मेंढरे मारली. शाळेत, शेतात, लग्नात, त्याला तेच म्हणतील. मला कसलेही नाव चालेल. त्याला नको.

मला तुमच्याकडे यायचे आहे. बाळंतपणाला कुणीतरी माझे असावे असे वाटते. तुम्ही सांगा, कुणी मला ते बोलायला लावणार नाही ना?

आपली,
किंझांग


लवटेवस्ती
२८ ऑक्टोबर २०२४

किंजा,

पटलं मला. तुझं लेकरू ते माझं पणतवंड. त्याच्या कपाळावर मेंढरं कुणी चिकटवायची न्हाईत. काल मी धुळाप्पाला, मल्हारच्या बापाला, आन शिवबाईला समोर बसवून बोलले. म्हटलं, पोर येणार, तिचं डोहाळजेवण व्हणार, आन पायरीचं नाव कुणी काढायचं न्हाय. काढलं तर मी जेवायची बंद व्हईन. शिवबाई म्हणाली, बरं. इतक्या लवकर 'बरं' म्हणाली की मलाच कसंतरी वाटलं. पण म्हणाली.

तवा ये. हिरवी साडी घेऊन ठेवलीया. पाच परकारचं गोडधोड शिवबाई करणार आन मिरचीचं मी करणार, ताक आत्तापासनं साठवायला लागलेय. तुळशीच्या लग्नाच्या आधीच्या रविवारी ये. मल्हार घेऊन येईल. मी रस्त्यावर, बाभळीखाली, वाट बघत बसलेली असंन. मला बघितलंस की गाडीतनं उतर. न्हाय दिसले तर समज मी मेले, आन सरळ परत जा.

बनाबाई


लवटेवस्ती
२० नोव्हेंबर २०२४

किंजाबाई,

बाई म्हणायचं तुला आता. मोठी झालीस.

मी बाभळीखाली बसले. डोळ्यावर काळा चष्मा. मिरजेला नेऊन मोतीबिंदू काढलाय, डॉक्टर म्हणाला उन्हात बसू नका, तरी बसले. जाणारा येणारा विचारतोय, आजी, कुणाची वाट? म्हटलं, माझ्या नातसुनेची, राणीची. ऊन कलायला लागलं, पोरं हसायला लागली. मिरच्या चिरलेल्या तशाच. ताक इतकं आंबलं की कुत्रं बी तोंड लावंना.

शिवबाई म्हणाली, "तिला शहर आवडलंय. कशाला येती?" मल्हार बी मान हलवतोय. मी म्हटलं, ती तशी न्हाय. पण तू आली न्हाईस.

एक गोष्ट चांगली झाली. नव्या डोळ्यानं मला लांबपर्यंत दिसतं. अगदी सोलापूरपर्यंत दिसतं. तिथं तू बसलीयास, पोट भरलेलं, आन म्हातारीला विसरलीस.

बनाबाई


साखर पेठ, सोलापूर
२८ नोव्हेंबर २०२४

आजी,

मी आले होते.

तुम्ही लिहिलेत तुळशीच्या लग्नाच्या आधीचा रविवार. मी दहा तारखेला आले. मल्हार जीप घेऊन आला. मी बाभळीखाली बघितले. तुम्ही नव्हता. मी जीप थांबवायला सांगितली. मल्हार म्हणाला, आजी घरात असेल, उन्हात कशी बसेल. घरात सासरे सोडून सगळे होते. तुमची खाट रिकामी होती. मी विचारले. ते म्हणाले, मिरजेला नेलंय डोळ्याला, संध्याकाळी येतील.

त्यांनी मला हिरवी साडी नेसवली. डोक्यात फुले घातली. पूनमने नेसवली. तिचे हात थंड होते. मी म्हणाले, पूनम, छान दिसते का? ती निऱ्या पुन्हा मोजू लागली.

मला वाटले आता पाटावर बसवतील. ते मला बिरोबाच्या देवळात घेऊन गेले. तिथे वस्तीतले पुरुष बसलेले होते. पायरीवर दुधाचा तांब्या होता. सासूबाई म्हणाल्या, तांब्याला हात लाव आणि म्हण, माझ्या हातानं मेंढरं मेली. मल्हार माझ्या कानात बोलला, माझ्या भाषेत. लग्नानंतर इथे येऊन तो माझ्या भाषेत एकदाही बोलला नव्हता. तो म्हणाला, म्हण आणि मोकळी हो.

मी तुम्हाला शोधत होते, आजी. मला वाटले तुम्ही मुद्दाम गेलात. मला वाटले ज्यांना बघायचे नसते ते डोळ्याचे निमित्त करतात.

मी म्हणाले नाही. तांब्याला हात लावला नाही. मग सासूबाई म्हणाल्या, मग जेवण कशाचं? कुणी मला थांबवले नाही. मी आतल्या खोलीत जाऊन साडी सोडली, घडी घालून पाटावर ठेवली. पाटासमोर पाच गोड पदार्थ मांडलेले होते. मी सकाळपासून काही खाल्ले नव्हते, डोहाळजेवण आहे म्हणून. मल्हारने मला एष्टीत बसवले आणि तो खाली राहिला. तो अजून आलेला नाही.

स्टँडवर उतरल्यावर मी मोमोच्या गाडीवर गेले. मी म्हणाले, काहीही दे. त्याने माझ्याकडे बघून कोबी काढून टाकला आणि नुसत्या मिरच्या परतून दिल्या. त्याने पैसे घेतले नाहीत. ते माझे डोहाळजेवण होते.

माझा भाऊ मला न्यायला येतो आहे. पाच तारखेला आम्ही निघू. खाली इंग्रजीत पत्ता लिहिला आहे. तुमच्या पत्रात काळा चष्मा वाचला तेव्हा कळले की तुम्ही मिरजेहून आल्यावर, दुसऱ्याच रविवारी बसला होतात. म्हणून लिहिते आहे. नाहीतर लिहिणार नव्हते.

किंझांग


लवटेवस्ती
२९ डिसेंबर २०२४

किंजा,

हे पत्र पूनमनं लिवलेलं न्हाय. प्रभु पोस्टमन लिवतोय, शाळंच्या कट्ट्यावर बसून. तो हाय तसं लिवतो. त्याचं अक्षर वाकडं हाय म्हणतात. वाकडं अक्षर मला चालंल, सरळ अक्षरानं काय केलं ते बघितलं.

तुझं पत्र पूनम वाचत हुती. "आधीचा रविवार" म्हणाली आन थांबली. म्या म्हटलं, वाच की. म्हणाली, आजी, डोळं दुखाय लागलं. म्या म्हटलं, डोळा माझा कापलाय आन दुखतंय तुझं? पत्र हातात ठेवून पळाली. मी तसंच पदरात बांधलं आन रस्त्यावर जाऊन प्रभूला अडवलं. त्यानं वाचलं. अर्ध्यात त्यानं बी टोपी काढून मांडीवर ठेवली.

मी सांगितलं हुतं "लग्नानंतरचा रविवार". मिरजेचा नंबर आधीच्या शनिवारी हुता, म्हणूनच मी नंतरचा सांगितला. पूनमनं आईचं ऐकून "आधीचा" लिवला. मग मिरजेला मला धुळाप्पानं नेलं, पुढं बसून, काठी धरून, आई आई करत. पूनमला विचारलं तर म्हणती, मला वाटलं वहिनी एकदा म्हणतील आन परत घरात येतील, मला बी त्या हव्या हुत्या. रडली लई. मी तिला जवळ घेतलं न्हाय.

मागच्या पत्रात मी तुला जे बोलले ते चुलीत घाल.

आता मी काय केलं ते ऐक. तुझं पत्र आलं त्याच्या पुढच्याच रविवारी सकाळी म्हशीचं दूध काढल्याबरोबर भगुणं उचललं. बिरोबाच्या दुधाचं. अंगणात तीन दगड मांडले, चूल पेटवली, सगळ्या वस्तीला हाका मारल्या. दूध उतू यायला लागलं तसं लिंबू पिळलं. फुटलं. म्हटलं, बगा रे, बनाबाईनं रविवारचं दूध नासवलं. आता मेंढरं मरू द्या. मेली की मला पायरीवर उभी करा. फडकं खुंटीला टांगलं, सगळ्यांना दिसंल असं. मल्हारला म्हटलं, खा. तू तिच्या आईच्या घरात तीनदा वाढून घेत हुतास, हितं एकदा खा. त्यानं शिवबाईकडं बघितलं. खाल्लं न्हाय.

मग मी रोज सकाळी उठून मेंढवाड्यात जायची. शिंक जरी आली कुठल्या मेंढराला, तरी वस्ती माझ्याकडं बघायची. एक बी मेलं न्हाय. उलट दोघी व्याल्या. मी पुन्हा वस्ती अंगणात गोळा केली आन शिवबाईला म्हटलं, आता बोल. ती भाकरी थापत हुती, वर बी बघितलं न्हाय. म्हणाली, "तुमची गोष्ट येगळी, आत्याबाई. तुमचा हात घरचा. देव वळखतो. तिचा परका."

आन अंगणात जमलेल्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांनी. धुळाप्पानं बी.

मला आपलं वाटत हुतं, भांडण दुधाचं हाय. दुधाचं असतं तर मी मिटवलं असतं.

प्रभूला सांगून खाली अंगठा उठवलाय. हिथनं पुढं ज्या कागदावर माझा अंगठा न्हाय, तो माझा न्हाय.

बनाबाई


वांगदू, भूतान
२ मार्च २०२५

आदरणीय आजी,

मुलगा झाला. जानेवारीच्या शेवटी, बर्फ पडत असताना. लामांनी नाव दिले जिग्मे. त्याचे कान तुमच्यासारखे मोठे आहेत. आई म्हणते, असे कान असले की माणूस खूप जगतो आणि खूप ऐकतो.

मी रोज एमा दात्शी खाते. पहिल्या दिवशी मी इतकी खाल्ली की आईने भांडे काढून घेतले. विचित्र गोष्ट ही, की मला त्यात धुराची चव शोधायची सवय लागली आहे. इथे ती नाही.

मल्हारचा फोन आला. त्याला कळले मुलगा झाला. तो म्हणाला, आई म्हणते जावळ बिरोबाला काढायचे, घेऊन या. कुणी काही बोलणार नाही. आईने तुला माफ केले. मी विचारले, कशाबद्दल? मग फोन बंद झाला.

तो वाईट नाही, आजी. तो बाळाचा आवाज ऐकून रडला. मला समजत नाही. तिथे तुम्ही आहात. बाळाला तुमच्या मांडीवर ठेवावे असे वाटते. मी मल्हारला विचारणार नाही, माझ्या भावाला विचारणार नाही. तुम्ही ये म्हणालात तर मी येईन. नको म्हणालात तर येणार नाही. अंगठा बघून उघडेन.

किंझांग


लवटेवस्ती
३० मार्च २०२५

किंजा,

हे पत्र पूनमच लिवतीया. लिवून झालं की प्रभु मला वाचून दाखवणार, मग अंगठा. पूनमला ठावं हाय. मान खाली घालून लिवती. तिचं लगीन ठरलंय, वैशाखात परक्या घरात जायची हाय. तिथं तिची पत्रं कोण वाचंल, कोण जाणे. म्हणून म्हटलं, हे पत्र तूच लिव. शिकून जा.

तुझं पत्र मी प्रभूकडनं चारदा वाचून घेतलं. शिवबाईनं पाळण्याचं लाकूड तासायला दिलंय. वस्तीत गूळ वाटला. तुझं नाव न घेता वाटला. म्हणती, लवट्यांचा पोरगा झाला. जसा काय तो बाभळीला लागला.

मला त्याला बघायचंय. हे लपवून काय करू? डोळा नवीन हाय, आन ह्या वस्तीवर नवीन बघण्यासारखं कायबी न्हाय. ते कान माझ्यासारखं हायत म्हणतेस, ते वढून बघायचंत. मांडी रिकामी हाय. एवढं सांगते, म्हणजे पुढचं मी सोपं म्हणून बोलले असं तुला वाटू नये.

येऊ नगंस.

तू आलीस तर जावळाच्या दिवशी कुणी काय बोलणार न्हाय, खरं हाय. बोलतील पुढच्या पावसाळ्यात, जवा एखादं मेंढरू पडंल. पडणारच, मेंढरं हायत ती. तवा तुझं लेकरू अंगणात खेळत आसंल, आन कुणीतरी त्याच्याकडं बघून म्हणंल, आईचा हात. तू सोलापुरात लिवलं हुतंस, त्याला ते नाव नको. मी त्या शब्दाची राखण कितीक दिवस करणार? आज हाय, उद्या न्हाय. मी गेले की अंगणात तुझ्या बाजूनं कोण? मल्हार? तो रडतो. रडणारा माणूस वाईट नसतो, पण त्याच्या भरवशावर लेकरू ठेवू नये.

मल्हारला यायचं आसंल तर त्यानं तिकडं यावं. वाट त्याला ठावी हाय, धरण बांधलंय त्यानं तिकडं. येऊन तुझ्या आईच्या चुलीजवळ बसावं आन ताट मागावं. मी त्याला सगळ्यांसमोर तेच सांगितलं. अजून निघाला न्हाय.

मी मेले तरी येऊ नगंस. तवा तर मुळीच नगं, कारण तवा बोलावतील.

आता एक काम कर. मल्हार पहिल्यांदा तिकडनं सुट्टीला आला तवा सांगत हुता, तुमच्या डोंगरात याकाच्या दुधाचं असं काहीतरी करतात, वाळवून वाळवून दगड करतात, दोऱ्यात ओवून माळा इकतात, आन माणसं ते दिवसभर गालात धरून बसतात. ते पाठव. एक माळ. मऊ बघून निवडू नगंस म्हातारी हाय म्हणून, दुकानात जे सगळ्यात कडक आसंल ते घे. दात न्हाईत मला, पण वेळ लई हाय. दारात बसून चघळीन, शिवबाई येता-जाता बघंल. कुणी विचारलं तर सांगीन, नासलेलं दूध हाय, माझ्या नातसुनेकडचं. टपालावर माझं नाव मोठ्या अक्षरात टाक. आन मिरच्या पाठवू नगंस, त्या हितं हायत.

बनाबाई (अंगठा)